निवृत्तीनंतरचा चहा बेचव का लागतो?

लातूरच्या एका सद्गृहस्थांचे दोन पानी पत्र माझ्यासमोर आहे. महसूल विभागात त्यांनी ३४ वर्षे नोकरी केली, अव्वल कारकून म्हणून मागच्या ३१ मे रोजी ते सेवानिवृत्त झाले, निवृत्तिवेतन वेळेवर जमा होते, घर स्वतःचे आहे, मुलगी सासरी सुखात आणि मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तक्रार करावी असे काही नाही आणि तरी दिवस सरत नाही, असे ते लिहितात. "कचेरीसमोरच्या टपरीवरचा अर्धा कप चहा अमृतासारखा लागायचा. आता घरी निवांत, आले घातलेला, दिवसातून पाच-सहा वेळा चहा मिळतो आणि एकदाही त्याला ती चव नसते. सगळे म्हणतात, छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा. तो शोधायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही." पत्राच्या मध्यभागी, जाता जाता, त्यांनी आणखी एक वाक्य लिहिले आहे: पहाटे साडेचारला जाग येते, मग गच्चीवर नेऊन ठेवलेल्या एका खुर्चीत ते उजाडेपर्यंत बसतात आणि तेवढा वेळ जरा बरे वाटते.

अंबाजोगाईत माझा ३६ वर्षांचा वैद्यकीय व्यवसाय झाला. त्यातली शेवटची १५ वर्षे बहुतेक रुग्ण साठीच्या आसपासचे किंवा पुढचेच आहेत. दोन वर्षांपूर्वी मी सकाळची ओपीडी बंद केली, त्यामुळे अर्धा निवृत्त मीही आहे आणि पुढचे बरेचसे स्वतःवर करून पाहिलेले आहे.

प्रथम चहाविषयी लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच कपात आहे. टपरीवरच्या त्या अर्ध्या कपात आले आणि साखर एवढेच नव्हते. सव्वाअकराची ठरलेली वेळ होती, टेबलावर अर्धवट सोडलेली संचिका होती, साहेब हाक मारतील ही धाकधूक होती आणि बाजूला उभे राहून पैसे कोणी द्यायचे यावरून हुज्जत घालणारे दोघे-तिघे होते. तो वेळ कामातून चोरलेला होता आणि चोरलेल्या वेळेला चव असते. आता घरी फक्त आले आणि साखर उरली आहे. शिवाय पाच-सहा कप म्हणजे एक कप अजून तोंडात घोळत असताना दुसऱ्याची वेळ होते. माणसाचे मन सुखाला फार लवकर सरावते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून वेगवेगळ्या प्रकारे मांडले आहे. जे सहज, सतत आणि हवे तेवढे मिळते ते काही दिवसांनी जाणवेनासे होते. पगारवाढीचे होते तेच चहाचेही होते.

रॉबर्ट ॲचली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये निवृत्तीचे टप्पे मांडले होते. सुरुवातीचा काळ सुट्टीसारखा, मग भ्रमनिरासाचा, मग नव्याने घडी बसवण्याचा आणि शेवटी स्थिर होण्याचा, असा त्याचा साधारण क्रम आहे. सगळे सगळ्यांना लागू पडते असे नाही, पण माझ्या पाहण्यात भ्रमनिरासाचा काळ बहुधा सहाव्या महिन्यानंतर गाठतो. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली, त्यामुळे एका अख्ख्या पिढीचा निरोप समारंभ ३१ मे रोजी, ४२-४३ अंशांच्या उन्हात उरकला जातो. (तुमचीही तारीख तीच दिसते.) जून लागतो, पाऊस येतो, शेजारची मुले दप्तरे घेऊन निघतात, सगळ्या गावाचे नवे वर्ष सुरू होते आणि आपण ओसरीवर बसून ते बघत राहतो. पाऊस, गौरी-गणपती, दिवाळी यांत पहिले सहा महिने निघून जातात. मग पुढे काय, हा प्रश्न हिवाळ्यात पडतो. तुमचे पत्र नेमके तिथलेच आहे, म्हणून त्यात मला काही विपरीत वाटले नाही.

आता डॉक्टर म्हणून जे सर्वांत आधी सांगायला हवे, ते सांगतो. रोजची लहान सुखे मनात येतात ती डोळे, कान, नाक, जीभ आणि दात यांच्या वाटेने. या वाटा साठीच्या सुमारास हळूहळू बुजतात. इतक्या हळू की माणसाला वाटते, जगातलीच गंमत गेली. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक माझ्याकडे येत. भजनी मंडळात जाणे त्यांनी सोडले होते, नातवंडांत बसत नव्हते आणि घरच्यांनी "आता ह्यांचं मन कशातच लागत नाही" असा निकाल देऊन टाकला होता. त्यांची श्रवणचाचणी केली, दोन्ही कानांना यंत्रे बसवली. आठ दिवसांनी ते आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरात भाकरी थापतेत ह्ये मला दोन वर्षं ऐकूच आलं नव्हतं. डायरेक ताटात आल्यावरच कळायचं." भाकरी थापल्याचा तो आवाज म्हणजे जेवणाच्या आधीचे अर्धे जेवण असते, पोटाला तिथूनच सूचना मिळते. तो आवाज गेला आणि घरच्यांनी वैराग्याचे निदान केले!

मोतीबिंदूचेही तसेच आहे. डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, निळे आणि जांभळे रंग मळके दिसू लागतात, आणि शस्त्रक्रियेनंतर अनेकजण पहिल्यांदा घराच्या भिंतींकडे बघून "रंग कधी दिला?" असे विचारतात. एका निवृत्त शिक्षिकाबाईंना कुंडीतली गोकर्ण निळी असते हे ठाऊक होते, पण तिचा निळा इतका निळा असतो, हे त्या सहा-सात वर्षांनी पुन्हा पाहत होत्या. दातांच्या बाबतीत तर आपला भाग फार बेफिकीर आहे. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याचा लाडू, हुरडा, ऊस हे सगळे ज्याच्या तोंडात सुखाचे असते, तो दाढा गेल्या की मुकाट्याने दूध-भात खाऊ लागतो आणि "आता खाण्यात राम नाही" असे म्हणतो. तेव्हा तुम्ही एकदा डोळे, कान आणि दात तपासून घ्या. रक्तात हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि जीवनसत्त्व ब-१२ पाहून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल तर ब-१२ कमी होण्याची शक्यता असते आणि त्याचा थकवा, निरुत्साह बाहेरून उदासपणासारखाच दिसतो. हे करण्याआधी आनंदाचे उपाय शोधत बसणे म्हणजे तेल न घालता वात उसकत राहणे आहे.

हे सगळे ठीक निघाले, असे गृहीत धरून पुढे जाऊ.

मोकळ्या वेळेत सुख आपोआप उगवेल, अशी समजूत करून घेऊन आपण निवृत्त होतो आणि तिथेच फसतो. माझा अनुभव असा की, लहान सुखाला बांधलेली वेळ, ठरलेली जागा आणि थोडीशी टंचाई लागते. नोकरीने हे तिन्ही तुम्हाला फुकट पुरवले होते. आता ते तुमचे तुम्हाला करायचे आहे. पाच-सहा कपांचे दोन करा. पहिला सकाळी, दुसरा दुपारी बरोबर चारला आणि दोन्ही अर्धाच कप. मधल्या वेळात कोणी आग्रह केला तरी पाणी प्या. (जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, त्यामुळे तो सुटला तर नुकसान काहीच नाही.) चारचा कप रोज एकाच जागी घ्या, शक्यतो घराबाहेर: ओट्यावर, दारातल्या लिंबाखाली किंवा सरळ टपरीवर. त्या दहा मिनिटांत हातात मोबाईल किंवा वर्तमानपत्र नको आणि समोर टीव्ही चालू नको. पहिले चार-पाच दिवस हे फार कृत्रिम वाटेल. आठव्या-दहाव्या दिवशी साडेतीन वाजले की तुमचे लक्ष घड्याळाकडे जाऊ लागेल. ती ओढ परत आली की चव तिच्या मागोमाग येते. फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ या मानसशास्त्रज्ञांनी आस्वाद घेण्याच्या क्षमतेवर पुष्कळ काम केले आहे. माणूस सुखाचा आस्वाद ते येण्याआधी वाट पाहताना, चालू असताना आणि होऊन गेल्यावर आठवताना, असा तिन्ही काळांत घेतो, अशी त्यांची मांडणी आहे. निवृत्तांकडे आठवणी पुष्कळ असतात, वर्तमानही मुबलक असते. कमी पडते ती वाट पाहणे. सोमवारी रविवारची वाट पाहणारा माणूस निवृत्त झाला की रविवारच हरवून बसतो.

म्हणून मी माझ्या रुग्णांना आठवडा पुन्हा बांधायला सांगतो. एक दिवस आठवडी बाजाराचा, एक वाचनालयाचा, एक कोणाकडे तरी जाण्याचा आणि एक दिवस ठरवून काहीच न करण्याचा. बाजार हा तर उत्तम उपाय आहे, फक्त भाजी आणायची म्हणून जाऊ नका. चालत जा, माळव्याचा भाव विचारा, मेथीची जुडी हुंगून घ्या, कुठल्या गावची आहे ते विचारा आणि पावशेर काहीतरी असे आणा जे घरच्यांनी सांगितलेले नव्हते. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्याच्या गावीच काय, लहान गावांतही शासनमान्य वाचनालये उभी राहिली आहेत. तिथल्या वाचनकक्षात सकाळी वर्तमानपत्राचे पान कोणाच्या तरी हातून सुटण्याची वाट पाहत बसणे, यात घरी येणाऱ्या अंकाहून जास्त मजा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. चालण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे माप आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचे चालणे असे आहे, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. हे आरोग्यासाठी करा, पण तेवढ्यासाठीच केले तर महिनाभरात कंटाळाल. घड्याळात पावले मोजत मान खाली घालून चालणारे मी रोज पाहतो, त्यांना वाटेत बहरलेला गुलमोहरही दिसलेला नसतो.

घरातल्या गोष्टीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण निवृत्त पुरुषांची बहुतेक लहान सुखे घरातच अडखळतात. मी सकाळची ओपीडी बंद केल्यावर तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी स्वयंपाकघरातले मसाल्याचे सगळे डबे खाली काढले, पुसले, वर्णानुक्रमे लावले आणि प्रत्येकावर मार्कर पेनने नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मला वाटले, मोठे काम झाले. सौभाग्यवती दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्यातल्या गोळ्यांचे कप्पे मी कधी हलवले होते का?" त्यांचा हात डोळे मिटून येसराच्या डब्यावर जात होता आणि मी तिथे ओवा ठेवला होता. त्या दिवशी लक्षात आले की, आपण निवृत्त होतो तेव्हा घरातल्या बाईची बदली होते; तीही न विचारता, एका नव्या साहेबाच्या हाताखाली. तीस-पस्तीस वर्षे दहा ते सहा हे घर त्यांचे होते. त्यांची दुपारची अर्धा तास पाठ टेकण्याची वेळ, शेजारणीशी दारात उभे राहून होणारे बोलणे, एकटीने रेडिओ लावून भाजी निवडणे, ही त्यांची लहान सुखे आपण दिवसभर घरात बसून, काहीही वाईट न करता, मोडून टाकतो.

म्हणून तुम्ही रोज किमान अडीच-तीन तास घराबाहेर असा, आणि तो वेळ वहिनींना आधी ठाऊक असू द्या. स्वयंपाकघरात मदत करायची असेल तर एखादे काम पूर्ण स्वतःकडे घ्या आणि ते त्यांना विचारून घ्या. शेंगा फोडणे, लसूण सोलणे, रविवारचा सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता) करणे, यातले काहीही चालेल. माझ्याकडे आता सुशीला आहे. मुरमुरे भिजवून पिळायचे किती, हा हाताचा अंदाज आहे. जास्त भिजले तर लगदा होतो आणि कमी भिजले तर फोडणीत कडक राहतात. हळद, मिरची, शेंगदाणे, कांदा, वरून कोथिंबीर आणि लिंबू. मला तो जमायला पाच रविवार लागले. सहाव्या रविवारी सौभाग्यवतींनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. आयुष्यात मिळालेल्या काही प्रमाणपत्रांपेक्षा मला तो प्रसंग अधिक स्पष्ट आठवतो. वहिनी काही निवृत्त झालेल्या नाहीत, एवढे लक्षात ठेवले तरी घरातली निम्मी कुरबूर थांबते.

दुसरा मुद्दा तुमच्या ३४ वर्षांच्या नजरेचा. लोक निवृत्तीनंतर एकदम नवा छंद घ्यायला धावतात, बासरी आणतात, कॅमेरा आणतात आणि चार महिन्यांत तो कपाटात जातो. छंदाला माझा विरोध नाही, पण जी नजर आयुष्यभर कमावली तिचे सुख आधी घ्यावे. माझ्या परिचयाचे एक निवृत्त लाइनमन आहेत. रोज संध्याकाळी गल्लीतले दिवे लागायच्या वेळेला ते दारात उभे राहतात, दिवे लागलेली वेळ एका वहीत लिहितात आणि आत जातात. उन्हाळ्यात ती वेळ कशी पुढे सरकते, हिवाळ्यात कशी अलीकडे येते, कुठला दिवा उशिरा पेटतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यात उपयोग काहीच नाही, पण मजा त्यांना भरपूर येते. तुमची नजर कागदाची आहे. आपल्या मराठवाड्यातले निजामकाळातले जमिनीचे जुने कागद उर्दूत आणि मोडीत आहेत, आणि ते हाताळणारी माणसे कमी होत चालली आहेत. रोज एक अक्षर या हिशेबाने मोडी किंवा उर्दू लिपी शिकायला घ्या. स्वतःच्या घराण्याचा एखादा कागद लावून लावून वाचता येणे, यासारखा विरंगुळा तुमच्यासारख्याला दुसरा नाही. मात्र गल्लीतल्या लोकांचे फेरफार आणि वारसाच्या नोंदी फुकट करून देण्याचे काम अंगावर घेऊ नका. आठवड्यातून एक तास कोणाचा सातबारा समजावून सांगितला तर तो आनंद आहे; रोज सांगू लागलात तर ती पुन्हा कचेरी, आणि तीही बिनपगारी.

आणि आपल्याकडचे वर्षच पाहा ना. आपल्या भागात पाणी कमी, ऊन जास्त, पण वाट पाहण्यासारख्या गोष्टींची कमतरता नाही, आणि नोकरीत असताना त्या आपण किरकोळ रजेच्या हिशेबात उरकल्या. तुम्ही लातूरचे, तेव्हा वेळअमावस्या वेगळी सांगायला नको. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात गावे ओस पडतात आणि शेते भरतात. पण प्रत्यक्ष सण एका दुपारचा असला, तरी त्याचे सुख चार दिवस आधी सुरू होते. आंबील आंबवायला ठेवल्यावर घरभर येणारा वास, भज्जीसाठी हरभऱ्याचा ओला पाला, तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा गोळा करण्याची धावपळ, बाजरीच्या उंड्यांचे पीठ मळण्याची वेळ, हे सगळे तुम्ही आजवर पाहिलेच नाही, कारण तुम्ही त्या वेळी कचेरीत होता. यंदा आदल्या दिवशी शेतावर जा आणि कडब्याची कोप, म्हणजे खोपी, बांधायला हात लावा. शेत स्वतःचे नसेल तरी अडत नाही. त्या दिवशी लातुरात बोलावणे न येणारा माणूस सापडणे कठीण. पाच पांडव म्हणून मांडलेल्या दगडांना चुन्याचे बोट लागल्यावर कोपीच्या सावलीत बसून आंबिलाचा पहिला घोट घ्यायचा, तो घाई न करता. मधुमेह असेल तर खीर चमचाभर घ्या आणि भज्जी पोटभर खा. भज्जीत डाळी आणि पालेभाज्याच आहेत, तिच्याशी वैर धरण्याचे कारण नाही.

त्याच्या आगेमागे हुरडा. शेतात आगटी पेटवून भाजलेले कणीस गरम गरम हातावर चोळायचे, फुंकर मारून भूस उडवायचे आणि दाण्यांबरोबर तिळाची किंवा खोबऱ्याची चटणी घ्यायची. या सुखाला जेमतेम काही आठवडे मिळतात, कारण दाणा पुढे टणक होतो. मग चैत्रातले पन्हे, मृगाच्या पहिल्या सरीनंतर उठणारा काळ्या मातीचा वास, भादव्यातले ऊन, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन. आता कोणी हजेरी घेत नाही, तरी एकदा साधे प्रेक्षक म्हणून जा. उन्हाळ्यात मात्र सुख पहाटे आणि दिवेलागणीनंतरच घ्या. वयानुसार तहान कमी जाणवते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अंगातले पाणी आणि क्षार बाहेर टाकतात, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा.

प्रवासाचेही असेच, जवळचा करा. तुम्हाला एसटीत सवलत मिळायला अजून सहा-सात वर्षे आहेत, पासष्टीनंतर अर्धे आणि पंचाहत्तरीनंतर राज्यात पूर्ण मोफत. पण वहिनींना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहेच. लातूरहून सकाळी निघून तेरला जा. गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घ्या, त्रिविक्रमाचे जुने विटांचे देऊळ पाहा आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले संग्रहालय बघा. पावसाने उघड्या पडलेल्या मणी-मूर्ती हा माणूस गोळा करीत राहिला, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर, म्हणजे त्या काळचे तेर, आज आपल्याला काचेमागे दिसते. डबा घरचा न्या, धपाटे आणि दह्यातली चटणी, आणि संध्याकाळी परत या. चारधामची यात्रा करायची तर जरूर करा, पण तिला लहान सुख म्हणू नका. तिचा थकवा मोठा असतो.

पैशाचे फार लिहीत नाही. या सगळ्याला महिन्याला फार तर हजार-दीड हजार लागतील, आणि ते वेगळे काढून ठेवा म्हणजे खर्च करताना अपराधी वाटत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो. तरीही माझे काही रुग्ण इस्त्रीचे कपडे घालून बँकेतच जातात, कारण जुने सहकारी वर्षातून एकदा तिथे हटकून भेटतात. तुम्हीही तसेच करा.

झोपेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण साडेचारला जाग येण्याचा उल्लेख आहे. वय वाढते तसे शरीराचे घड्याळ अलीकडे सरकते. लवकर पेंग येते आणि लवकर जाग येते. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत बाहेर राहा, म्हणजे घड्याळ थोडे पुढे ढकलले जाते. मात्र पहाटे जाग येऊन त्याच वेळी मन सर्वांत जड होणे, सलग दोन आठवडे कशातही रस न वाटणे, भूक आणि वजन घटणे, आपण घरच्यांना ओझे झालो आहोत असे विचार येणे, यातले काही असेल तर तो निवृत्तीचा कंटाळा नव्हे, नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर चहा, बाजार आणि हुरडा हे उपाय नाहीत; डॉक्टरांकडे जावे, औषधाने आणि समुपदेशनाने तो बरा होतो. लगेच बोलावेसे वाटले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

तुमच्या पत्रात मात्र याच्या उलट आहे. तुमची पहाट जड नाही; दिवसभरात तीच तेवढी हलकी आहे, आणि म्हणून मला तुमची फारशी काळजी वाटली नाही. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, हातात काही नाही, आणि उजाडले की संपणार हे ठाऊक आहे. चहाच्या बाबतीत जे करायला सांगितले, ते सगळे तुम्ही गच्चीवर न शिकवता करत आहात. त्यात फेरफार करू नका. फक्त एक करून पाहा. वर एकच खुर्ची आहे असे तुम्ही लिहिले आहे, तर दुसरी नेऊन ठेवा. वहिनींना बोलावू नका, त्यांची झोप मोडू नका, खुर्चीविषयी काही सांगूही नका. वाळवणाला किंवा कपडे वाळत घालायला त्या गच्चीवर जातील तेव्हा त्यांना ती दिसेलच.